दौलताबाद, कागजीपुरा, खुलताबाद : अर्ध्या दिवसाचा इतिहास

औरंगाबादहून (आता शहराचं अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर) वेरूळला जाणारा रस्ता जेमतेम तीस किलोमीटरचा. पर्यटकांच्या गाड्या दौलताबादच्या किल्ल्यासमोर तास-दोन तास थांबतात आणि मग थेट लेण्यांकडे पळतात. मधे कागजीपुरा लागतो, तिथं कुणी उतरत नाही. पुढं खुलताबाद येतं. तिथं उतरणारे बहुतेक एक तर जियारतीला आलेले असतात, नाही तर भद्रा मारुतीच्या दर्शनाला. इतिहास पाहायला म्हणून उतरणारा माणूस विरळाच.

गेली काही वर्षं दिवाळीच्या आसपास मी आमच्या शाळेतल्या मुलांना आणि कधी इतर शाळांतल्या शिक्षकांना या तीन गावांतून फिरवून आणते. सकाळी सातला निघायचं आणि दुपारी एकला खुलताबादेत जेवायला बसायचं. सहलीचा नियम एकच आहे. कुठल्याही थांब्यावर राजाचं नाव शेवटी घ्यायचं. त्याआधी विचारायचं, इथं काय पिकतं, काय बनतं, काय शिजतं आणि ते इथं आलं कुठून?

हा नियम का, ते सांगते. २०२५ च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून राज्यभर वाद पेटला. ती उखडून टाकण्याच्या मागण्या झाल्या, १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. टीव्हीच्या पडद्यावर कित्येक दिवस खुलताबाद म्हणजे ती एक कबर, एवढंच दिसत होतं. त्यानंतर शाळेत प्रवेशासाठी आलेल्या एका मुलाला मी गाव विचारलं. तो म्हणाला, ‘वेरूळजवळ.’ हातातल्या दाखल्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, खुलताबाद. बारा-तेरा वर्षांच्या पोराला आपल्या गावाचं नाव घ्यायची चोरी वाटावी, हे मला फार लागलं. त्याच्या गावात त्या एका कबरीपलीकडं काय काय आहे, हे त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि ते सांगणं हे तर माझंच काम.

दौलताबाद : डाळिंबं, उंदीर आणि एक गुरुपरंपरा

पहिला थांबा दौलताबाद. मूळची देवगिरी, यादवांची राजधानी. ज्ञानेश्वरी १२९० साली पूर्ण झाली, तेव्हा इथं रामदेवरावाचं राज्य होतं. सहाच वर्षांनी, १२९६ मध्ये, अलाउद्दीन खिलजी चालून आला. १३१८ मध्ये कुतुबुद्दीन मुबारक खिलजीनं हरपाळदेवाला जिवंतपणी सोलून मारलं आणि यादवांचं राज्य संपलं. किल्ल्यातली जामा मशीद त्याच वर्षाची. तिचे खांब आधीच्या देवळांचे आहेत, ते कुणालाही दिसतात. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर तिथं भारतमातेची मूर्ती बसवली गेली. यातलं काहीच मी मुलांपासून लपवत नाही. स्वारी ही स्वारीच असते. तिला गुळाचा पाक लावून दाखवला तर पुढचं काही सांगायचा हक्क आपल्याला राहत नाही.

पण स्वाऱ्यांपाशी इतिहास संपत नाही. १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं हलवली आणि गावाला दौलताबाद नाव दिलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा प्रसंग लहरी सुलतानाचा किस्सा म्हणून येतो. काही वर्षांत त्यानं लोकांना परत जायची मुभा दिली, असंही आपण शिकवतो. जे परतले नाहीत त्यांचं पुढं काय झालं, ते मात्र शिकवत नाही. कुणी शेती धरली, कुणी हुन्नर चालवला, कुणी शिकवत बसला. त्यांची दिल्लीकडची बोली इथल्या मराठीत मिसळली आणि दख्खनी घडत गेली. आजही आमच्या घरात ‘नक्को’ म्हणतात, ते मराठीतलं ‘नको’. ‘मैंच जाऊँगी’ मधला ‘च’सुद्धा मराठीचाच. मी दिवसातून चार तास उर्दू आणि तीन तास मराठी शिकवते. या दोन तासिकांच्या मधली भिंत किती पातळ आहे, ते इथं उभं राहिल्यावर मुलांना लवकर समजतं.

१३४२ च्या सुमारास इब्न बतूता या गावात आला होता. त्यानं लिहून ठेवलंय की दौलताबादेत द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. इथल्या मराठा ब्राह्मण-क्षत्रियांचं जेवण भात, भाजीपाला आणि तिळाचं तेल, अशीही नोंद त्यानं केली. गवय्यांच्या एका मोठ्या बाजाराचं त्यानं तोंड भरून कौतुक केलंय, त्याचं नाव तरबाबाद. शिवाय किल्ल्याच्या अंधारकोठडीत मांजरांहून मोठे उंदीर आहेत आणि मांजरंच त्यांना भिऊन पळतात, हेही सांगितलंय. मुलांना अर्थातच उंदीर लक्षात राहतात. मी त्यांना तिळाचं तेल वहीत लिहून घ्यायला सांगते, ते पुढं लागणार असतं.

अर्ध्या दिवसात किल्ला चढून होत नाही, म्हणून आम्ही पायथ्यालाच थांबतो. तिथून मी एका गुरुपरंपरेची गोष्ट सांगते. सोळाव्या शतकात या किल्ल्याचा कारभार जनार्दनस्वामींकडे होता. पैठणच्या एकनाथांचे ते गुरू. एकनाथ तरुणपणी इथंच राहून शिकले. आणि जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले, जे कादरी सूफी होते असं परंपरा सांगते. त्यांचं स्थान किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. याच चांद बोधल्यांचे दुसरे शिष्य म्हणजे श्रीगोंद्याचे शेख महंमद, ‘योगसंग्राम’ लिहिणारे मराठी संतकवी. या नात्यांवर अभ्यासकांत वाद होत राहतात, ते व्हावेत. पण एका किल्ल्याच्या सावलीत अशी परंपरा कुणाला खटकली नाही आणि शेकडो वर्षं जपली गेली, ही गोष्ट स्वतःच इतिहास आहे.

रस्त्याकडेची टोपली

दौलताबाद सोडलं की घाट चढेपर्यंत दोन्ही अंगांना टोपल्या मांडलेल्या दिसतात. दसरा-दिवाळीच्या दिवसांत सीताफळं, पुढं थंडीत पेरू. आमच्याकडं पेरूला जाम म्हणतात. इथल्या डोंगरउतारावरची सीताफळं आपोआप उगवल्यासारखी दिसतात. पाणी नको, खत नको, शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत.

इथं मी मुलांना विचारते, सीताफळ कुठलं? सगळे ओरडतात, ‘इथलंच!’ नावातच सीता, शेजारच्या टोपलीत रामफळ. यापेक्षा देशी काय असणार? पण वनस्पतीचे अभ्यासक या दोन्ही झाडांचं मूळ अमेरिका खंडात दाखवतात. पेरूचंही तसंच. सोळाव्या शतकानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर जी झाडं हिंदुस्थानात पसरली, त्यांतली ही. म्हणजे इब्न बतूता इथून गेला तेव्हा या घाटात ना सीताफळ होतं ना जाम. मग ते परकं म्हणायचं का? कुणी तसं म्हणत नाही. त्याला सीतेचं नाव दिलं, उपासाला चालवलं, विषय संपला. लोकांनी आपलं मानलं की फळ आपलं होतं.

कागजीपुरा : चिंधीपासून दफ्तरापर्यंत

घाटाच्या वाटेवर कागजीपुरा. छोटं गाव, नावातच धंदा. तुघलकाच्या स्थलांतरात कागद बनवणारे कारागीर आले आणि इथं वसले, असं गाव सांगतं. आजही तिथं हातकागद बनतो. यंत्रं आली, कामाचा पसारा आटला, तरी मूळ रीत डोळ्यांनी पाहता येते.

सुती चिंध्या बारीक कापायच्या, चुन्याच्या पाण्यात भिजवायच्या, कुटून लगदा करायचा. तो लगदा पाण्याच्या हौदात कालवायचा. मग गवताच्या काड्यांची चाळण बुडवून अलगद वर घ्यायची. पाणी निथळतं आणि चाळणीवर एक पातळ थर उरतो, तोच कागद. तो वाळवायचा, त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. घोटल्याशिवाय शाई फुटते. चाळण बुडवण्याचं काम पाहताना सोपं वाटतं. आमच्या एका शिक्षकांनी हौसेनं करून पाहिलं. एका बाजूला जाड, एका बाजूला भोक. शेजारचा कारागीर काही बोलला नाही, चाळण हातात घेतली, दोन झोल दिले आणि एकसारखा ताव उचलून ठेवला.

हाच कागद कुराणाच्या प्रती लिहायला वापरला गेला आणि हाच मराठी दफ्तरांतही गेला. पेशवाईच्या कागदपत्रांत जुन्नरी कागदाबरोबर दौलताबादी कागदाचंही नाव येतं. म्हणजे मुसलमान कागज्यानं घोटलेल्या कागदावर ब्राह्मण कारकून मोडीत जमाखर्च लिहीत होता. दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नसणार. एकाला कागद विकायचा होता, दुसऱ्याला हिशेब लिहायचा होता.

इथं मी भाषेचा तास घेते. कागद, शाई, दौत, कलम, मसुदा, मजकूर, हकीकत, रद्दी. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. आपल्या राज्याला आपली भाषा असावी, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. तरीही कागद कागदच राहिला आणि शाई शाईच. शब्द हुकमानं येतही नाहीत आणि हुकमानं जातही नाहीत, ते वापरानं राहतात. मी मुलांना म्हणते, पाठीवर काय अडकवलंय? ‘दप्तर.’ ते तुमच्या पाठीवर असलेलं ‘दफ्तर’च आहे.

खुलताबाद : आधी रौजा

खुलताबादचं जुनं नाव रौजा. अरबीत रौजा म्हणजे बाग. सूफींच्या संदर्भात मजारीलाही तोच शब्द लागला. आसपासच्या खेड्यांतले म्हातारे अजूनही रौजाच म्हणतात. औरंगजेबाला मृत्यूनंतर ‘खुल्द-मकान’ म्हटलं गेलं, त्यावरून गावाचं नाव बदललं. म्हणजे तो इथं येण्याआधी जवळजवळ चारशे वर्षं हे गाव सूफींचं होतं. हजरत मुंतजबुद्दीन जर जरी जर बख्श यांचं निधन १३०९ सालचं. त्यांचे भाऊ हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ मध्ये गेले, त्यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन शिराजी १३६९ मध्ये.

मुलांना मी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांची ओळख स्वयंपाकघरातून करून देते. दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या खानकाहमध्ये मुदपाकखाना त्यांच्याकडं होता. आल्यागेल्याला जेवू घालणं ही चिश्ती परंपरेतली इबादतच. तो माणूस उतारवयात दिल्ली सोडून इथं आला, परत गेला नाही. तापीकाठचं बुऱ्हाणपूर त्यांच्याच नावाचं आणि समोरच्या काठावरचं जैनाबाद त्यांच्या शिष्याच्या. गावं बहुधा राजांच्या नावानं वसतात. ही दोन फकिरांच्या नावानं वसली.

या गावात आणखी कोण कोण झोपलंय? निजामुद्दीन औलियांची वचनं ‘फवाइदुल फुआद’ मध्ये टिपून ठेवणारे कवी अमीर हसन. अठराव्या शतकातले थोर विद्वान आझाद बिलग्रामी. हैदराबादचे पहिले निजाम. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह, ज्याला औरंगजेबानं दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. आणि औरंगजेब. कैदी आणि कैद करणारा एकाच गावाच्या मातीत. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला वारला आणि त्याच्याच इच्छेनुसार जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात पुरला गेला. साधी, उघडी कबर. त्याच्या राज्यकारभारावर टीका करायला कुणालाच बंदी नाही, मीही वर्गात करते. पण एका कबरीमुळं बाकी अख्खं गाव दिसेनासं व्हावं, हे मला मान्य नाही.

म्हणून मी मुलांना गावाबाहेरच्या एका घुमटाकडं नेते, मलिक अंबरच्या. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि पुढं निजामशाहीचा वजीर झालेला माणूस. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. डोंगरातलं पाणी शहरात आणणाऱ्या नहरी बांधल्या, जमीन-महसुलाची घडी बसवली. शेजारच्या वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांचं घराणं याच निजामशाहीच्या चाकरीत वाढलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूनं लढले. १६२६ मध्ये मलिक अंबर गेला आणि रौजाच्या मातीत विसावला. आफ्रिकेतून विकत आणलेल्या पोराला दख्खननं वजीर केलं आणि त्यानं दख्खनसाठी मोगलांशी उभा जन्म झुंज दिली. बाहेरचा की आतला, हा प्रश्न त्याच्यासमोर विचारून पाहा.

एक वाजता, ताटावर

दुपारी ओळखीच्या एका खालांच्या घरी जेवण असतं. नान-खलिया, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाणे घातलेला हिरव्या मिरचीचा ठेचा, वर मीठ लावलेल्या जामाच्या फोडी. मटण न खाणाऱ्यांसाठी पिठलं. खलिया आमच्या भागाची शान. लग्न असो की उरूस, त्याच्याशिवाय दस्तरखान पुरा होत नाही. पिवळसर नान, वर तर्री आलेला लाल रस्सा.

तो तुघलकाच्या लष्कराबरोबर आला, असं घरोघरी अभिमानानं सांगितलं जातं. नान फारसी, खलिया हा शब्द मुळात अरबी, तळण्या-भाजण्यावरून आलेला. तेव्हा पदार्थाचं नाव जुनं आहे, यात शंका नाही. पण आज वाटीत दिसणारा तो लाल रंग मिरचीचा. मिरचीही पेरूसारखीच पोर्तुगीजांबरोबर आली, तुघलकानंतर दोनशे वर्षांनी. म्हणजे लष्करात शिजला तो खलिया मिरीचा असणार. आजचा खलिया या मातीत घडला, इथल्या बायकांच्या हातानं, इथल्या मसाल्यात. सुलतानाचं नाव काढून घेतलं म्हणून त्याची चव कमी होत नाही. मी तर म्हणते, श्रेय योग्य माणसाकडं जातं.

मग आम्ही ताट मोजतो. ज्वारी आफ्रिकेची, हजारो वर्षांपूर्वी इकडं आली. मलिक अंबरच्या आधी त्याच्या मुलखाकडचं धान्य दख्खनच्या जात्यावर दळलं जात होतं. पिठल्याचा हरभरा पश्चिम आशियातला. मिरची, शेंगदाणा, जाम अमेरिकेचे. अस्सल इथली म्हणावी अशी तूर, आणि तो तीळ, ज्याच्या तेलाची नोंद मुलांनी सकाळी वहीत केलेली असते. आज घरोघरी तिळाच्या तेलाची जागा शेंगदाण्यानं आणि सोयाबीननं घेतलीय. इथलं मागं पडलं, बाहेरचं रोजचं झालं, आणि भांडण कुणाचंच नाही.

एकदा याच ताटावर शेजारी बसलेल्या एका शिक्षकांनी मला विचारलं, ‘मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही लोक मूळचे कुठले?’ त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, ‘सर, आजोबा कन्नडच्या बाजूचे शेतकरी. त्यांच्या आधीचं घरात कुणी सांगत नाही. तुमचं?’ त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, ‘आजोबांपर्यंतच.’ खालांनी दोघांच्या ताटात आणखी एकेक भाकरी टाकली. मुलं ऐकत होती. त्यावर मी काही समारोप केला नाही, करायची गरज वाटली नाही.

मूळ शोधायला माझी हरकत नाही, इतिहास शिकवणाऱ्याची ती सवयच असते. पण मूळ सापडलं म्हणजे मालकी ठरली, असं होत नाही. या तीस किलोमीटरमध्ये मला दिसतं ते असं की आलेली प्रत्येक गोष्ट टिकली ती कुणीतरी रोज तिची मशागत केली म्हणून. कागज्यानं चाळण बुडवली, बाईनं भाकरी थापली, दर्ग्यात लंगर चालला, कुणी ‘नको’ला ‘नक्को’ म्हणत राहिला. स्थानिक असणं म्हणजे हे रोजचं करत राहणं. त्याचा दाखला कुठल्या कचेरीत मिळत नाही.

आपल्या लोकांनाही एक सांगायचंय. आपणही खुलताबादला जातो, फातिहा वाचतो, तबर्रुक घेतो आणि परततो. मलिक अंबरच्या घुमटाकडं किती जण वळतो? कागजीपुऱ्यात किती जण उतरतो? आपल्या मुलांना गावाचं नाव घेताना चाचरायला लागतं, त्यात आपल्या या घाईचाही वाटा आहे. ज्या गावाची माहिती आपणच मुलांना दिली नाही, त्याची माहिती त्यांना टीव्ही देणार.

तेव्हा पुढच्या वेळी वेरूळला निघालात तर अर्धा दिवस हाताशी ठेवा. घाटात सीताफळ घ्या. कागजीपुऱ्यात उतरा आणि एक ताव विकत घ्या, कारागिराला तेवढीच मदत. खुलताबादेत दोन्ही दर्गे बघा, मलिक अंबरकडं जाऊन या, भद्रा मारुतीचं देऊळही बघा. सोबत मुलं असतील तर त्यांना प्रत्येक ठिकाणी विचारायला लावा, हे आलं कुठून आणि राहिलं कसं? पहिल्या प्रश्नाची उत्तरं पुस्तकांत सापडतात. दुसऱ्याची गावातच मिळतात.